पहिला कॅमेरा : आधी काम, मग भिंग, शेवटी यंत्र

धानाची मळणी आटोपून चार पैसे घरात आले म्हणजे मुलांच्या मनातील मागण्या ओठांवर येतात, हा आमच्या भंडारा जिल्ह्यातील घरोघरीचा अनुभव आहे. पूर्वी ही मागणी सायकलीची किंवा मनगटी घड्याळाची असे. अलीकडे तीत एका नव्या वस्तूची भर पडली असून वरच्या वर्गांतील कित्येक मुले-मुली आपल्या वडीलधाऱ्यांजवळ चांगल्या कॅमेऱ्याचा हट्ट धरीत आहेत. हा कॅमेरा म्हणजे भिंग काढता-घालता येणारा, पोटात आरसा असलेला, ज्यास 'डीएसएलआर' या आद्याक्षरांनी सर्वत्र ओळखतात तो होय. पालकांपैकी काहींस ही निव्वळ चैन वाटते, तर काहींस मुलाच्या भावी धंद्याची ती पहिली पायरी वाटते. परंतु दोघांसही त्या वस्तूची माहिती बेताचीच असल्यामुळे एक जण सरसकट नकार देऊन मोकळा होतो आणि दुसरा दुकानदार सांगेल ती रक्कम मोजून मोकळा होतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग सारखेच अविचाराचे आहेत. यास्तव या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. दुकानात गेलेला मनुष्य प्रथम यंत्र निवडतो, मग त्याबरोबर जे भिंग मिळेल ते घेतो, आणि घरी आल्यावर 'आता याने काय टिपावे?' असा विचार करू लागतो. ज्याच्या पदरी पैसा थोडा आहे त्याने हा क्रम अगदी उलटा केला पाहिजे. प्रथम काम ठरवावे, त्या कामास लागणारे भिंग त्यानंतर ठरवावे, आणि यंत्राची निवड सर्वांत शेवटी करावी. शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. पाया घालण्यापूर्वी जो बसून खर्चाचा हिशेब करीत नाही, त्याचे बांधकाम अर्धवट राहते व तो लोकांच्या थट्टेस पात्र होतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट तंतोतंत खरी आहे. कारण यंत्र विकत घेणे हा येथील खर्चाचा केवळ पाया असतो, हे पुष्कळांस पैसे संपल्यावर कळते.

या यंत्राची रचना थोडी समजून घेतली तर पुढील विवेचन सुलभ होईल. भिंगातून आत आलेला प्रकाश तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो आणि डोळ्यापाशी असलेल्या खिडकीत येतो. त्यामुळे भिंग जे पाहते तेच आपणही पाहतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, त्यामागील पडदा क्षणभर उघडतो, आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडून चित्र उमटते. पूर्वी या सेन्सरच्या जागी फिल्म असे. बेताच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर सुमारे २२ ते २४ मिलिमीटर लांब व १५ ते १६ मिलिमीटर रुंद असतो. मोबाईलमधील सेन्सरच्या मानाने तो कितीतरी मोठा असल्यामुळे तो प्रकाशही अधिक गोळा करतो. मोठा सेन्सर आणि बदलता येणारे भिंग हेच या यंत्राचे दोन खरे लाभ होत. ज्यास या दोहोंपैकी कशाचीच गरज नाही, त्याने या खर्चात पडू नये.

गरज आहे की नाही हे कसे ओळखावे? याचा उपाय फुकटचा आहे. आज बहुतेक घरांत एक तरी मोबाईल असतो व त्यात कॅमेराही असतो. विद्यार्थ्याने एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यानेच चित्रे टिपावी, आणि दर महिन्यास आपल्या चित्रांपैकी उत्तम अशी पाच निवडून बाकीची निर्दयपणे काढून टाकावी. त्याचबरोबर एका वहीत आपल्या तक्रारी लिहून ठेवाव्या. 'नाटकाच्या रात्री सर्व चेहरे पुसट आले', 'तलावावरील बगळा ठिपक्याएवढा दिसला', 'फुलावरील भुंगा स्पष्ट झाला नाही' अशा तक्रारी वर्षअखेर वहीत जमल्या असतील, तर त्या मुलास कॅमेरा हवा आहे असे पालकांनी खुशाल समजावे. वही कोरीच राहिली असेल, तर मुलास कॅमेरा नको असून गळ्यात अडकविण्याचा अलंकार हवा आहे. ही वही पुढे दुकानातही उपयोगी पडते, कारण कोणते भिंग घ्यावे याचे उत्तर तिच्यातच लिहिलेले असते.

आता आमच्या जिल्ह्यात टिपण्यासारखी कामे कोणती, ते पाहू. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडारीचे खेळ होतात, आणि झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात. हे पहिले काम होय. येथे पात्रे हलती असतात व प्रकाश थोडा असतो. दुसरे काम पाखरांचे. मालगुजारीच्या काळी बांधलेले तलाव, ज्यांस लोक 'मामा तलाव' म्हणतात, ते आमच्या जिल्ह्याचे भूषण होत. हिवाळ्यात त्यांवर जलपक्ष्यांची वस्ती असते, आणि भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतून दुर्मिळ अशा सारस पक्ष्यांचेही दर्शन घडते. तिसरे काम जुन्या वास्तूंचे. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील जुना तट आणि तुमसर तालुक्यातील अंबागडचा किल्ला यांच्या दगडांवर सकाळचे कोवळे ऊन पडते तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी तेथे खिळून राहते. चौथे काम माणसांचे. पितळ ठोकणारा कारागीर, मागावर बसलेला कोसा विणणारा कोष्टी, चुलीपुढे बसलेली आजी, रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाया, ही ती माणसे.

ही चार कामे चार निराळी भिंगे मागतात. दुकानात कॅमेऱ्याबरोबर जे भिंग मिळते ते बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे असते. दगडी वास्तू हलत नाही. तेथे हे साधे भिंग आणि एक मजबूत तिपाई एवढ्यावर उत्तम चित्र येते, महाग भिंगाचे काही काम नाही. कारागिराच्या अंधाऱ्या खोलीत व नाटकाच्या मंडपात मात्र हे भिंग तोकडे पडते. याचे कारण गणिताचे आहे व ते विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. या भिंगाच्या कडेवर '१:३.५–५.६' असे आकडे कोरलेले असतात. त्यांचा अर्थ असा की, ५५ मिलिमीटरवर त्याचे प्रकाशद्वार ५.६ या आकड्याहून मोठे उघडत नाही. आकडा जितका लहान तितके द्वार मोठे. ५० मिलिमीटरचे एक साधे, झूम न होणारे, १.८ आकड्याचे भिंग मिळते. ५.६ ला १.८ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला तर उत्तर ९.६८ येते. म्हणजे हे लहानसे भिंग साडेनऊ पटींहूनही अधिक प्रकाश आत घेते. जेथे पडदा एक दशांश सेकंद उघडा ठेवावा लागत होता, तेथे आता तो शतांश सेकंदाच्या आसपास उघडला तरी पुरतो. एक दशांश सेकंदात नटाचा उचललेला हात पुसून जातो, शतांश सेकंदात तो बहुधा स्थिर उमटतो. हात थरथरला तर सावरून घेण्याची सोय आजच्या साध्या भिंगांतही असते खरी, परंतु ती टिपणाऱ्याच्या हातापुरती असते. समोरचा नट हलला तर तिचा काही इलाज चालत नाही.

भिंगांच्या जगात इतके थोडे मोल देऊन इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही वस्तूने पडत नाही. कॅननसाठी ५० मिलिमीटरचे व निकॉनसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरचे असे १.८ आकड्याचे भिंग सहज मिळते. लहान सेन्सरमुळे ५० मिलिमीटरचे भिंग जुन्या फिल्मच्या हिशेबाने सुमारे ७५ ते ८० मिलिमीटरचे काम करते, म्हणून एका माणसाच्या चेहऱ्यास ते फार शोभते. ३५ मिलिमीटरचे भिंग लहान खोलीतील दोन-तीन माणसांस सामावून घेते. राहता राहिले पाखरांचे काम. तेथे ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंग लागते आणि तेच खर्चाचे खरे बीळ आहे. आमचा सल्ला असा की, नवशिक्याने या बिळात पहिल्याच वर्षी हात घालू नये. पाखराजवळ न भिता कसे जावे, कोणत्या तलावावर कोणत्या वेळी कोण उतरते, हे आधी डोळ्यांनी शिकावे. हे ज्ञान नसलेल्याच्या हाती लांब भिंग दिले, तरी त्यास दूरची पाखरे थोडी मोठी दिसतील, इतकेच.

भिंगाचा विचार झाल्यावर यंत्राकडे वळू. दुकानदार बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यापासून आरंभ करतो, आणि मुलेही वर्गात त्याच आकड्याची घोकंपट्टी करतात. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६,००० ठिपके लांब व ४,००० ठिपके रुंद असते. उत्तम छपाईस दर इंची ३०० ठिपके धरले, तर त्याचा २० इंच लांबीचा छाप निघतो. घरातील भिंतीवर एवढी तसबीर क्वचितच लागते. अशा नियतकालिकात सहा इंच रुंदीचे चित्र छापावयाचे तर १,८०० ठिपके पुरतात, आणि ती गरज ६ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही भागवितो. अर्थात १८ की २४ या वादात विद्यार्थ्याने आपली रात्रीची झोप घालवू नये.

यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दुकानाच्या फलकावर नसतात. निकॉनच्या ३००० व ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांच्या पोटात भिंग फिरविणारी मोटर नसते. त्यामुळे त्यांवर मोटर नसलेले जुने भिंग बसविले तर ते बसते खरे, पण फोकस हाताने करावा लागतो. स्वस्त मिळाले म्हणून जुने भिंग घेणाऱ्यांची येथे निराशा होते. कॅननच्या या जातीच्या भिंगांत मोटर भिंगातच असते, म्हणून ही अडचण येत नाही. उलटपक्षी २०१८ साली आलेल्या निकॉन डी३५०० ची बॅटरी एका भरणीत सुमारे १,५५० चित्रे टिपते असे तिचे प्रमाणित मोजमाप आहे, तर त्याच वर्षीच्या कॅनन १५००डी चे तेच मोजमाप सुमारे ५०० चे आहे. ज्या गावी वीज वारंवार जाते त्या गावच्या मुलाने हा आकडा मेगापिक्सेलहून अगत्याचा मानावा. कॅननच्या ३०००डी या स्वस्त नमुन्यात भिंग बसण्याची कडी धातूची नसून प्लास्टिकची आहे. वारंवार भिंग बदलणाऱ्याने हेही ध्यानात धरावे. तथापि या सर्व नमुन्यांनी टिपलेली चित्रे शेजारी-शेजारी ठेवली, तर कोणते चित्र कोणत्या यंत्राचे, हे ओळखणे भल्याभल्यांस जमणार नाही.

येथे एक गोष्ट पालकांस स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यांचा काळ मावळतीस लागला आहे. २०१८ साली कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची नवी घराणी सुरू केली, आणि २०२० नंतर त्या दोघींपैकी एकीनेही आरशाचा नवा नमुना बाजारात आणलेला नाही. तेव्हा मावळत्या जातीची वस्तू का घ्यावी, असा प्रश्न कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील. त्यास आमचे उत्तर असे आहे : व्यवसायी मंडळी नव्या घराण्याकडे वळल्यामुळे त्यांनी वापरलेले आरशाचे चांगले कॅमेरे व भिंगे आज थोड्या मोलात बाहेर पडत आहेत, आणि शिकाऊ माणसास याहून अनुकूल काळ पूर्वी कधी नव्हता. १९९९ साली निकॉनचा डी१ हा कॅमेरा निघाला तेव्हा तो २.७ मेगापिक्सेलचा होता, त्याची किंमत पाच हजार डॉलरांच्या घरात होती, आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यावर काम करीत. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरांच्या आत आला, तेव्हा ती मोठी नवलाची गोष्ट मानली गेली. आज दहा वर्षे वापरलेला कोणताही साधा कॅमेरा या दोहोंहून सरस आहे. प्रकाश, द्वार, पडदा आणि चौकट यांचे नियम आरसा असो वा नसो, एकच राहतात. जुन्या यंत्रावर शिकलेली विद्या नव्या यंत्रावर वाया जात नाही. शिवाय कॅननची जुनी ईएफ जातीची भिंगे एक जोडकडी लावून त्याच कंपनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर चालतात, म्हणजे भिंगात घातलेला पैसाही पुढे उपयोगी पडतो. ज्यास ऐपत आहे त्याने नवे बिनआरशाचे यंत्र अवश्य घ्यावे, परंतु ज्याची ऐपत मर्यादित आहे त्याने वापरलेल्या यंत्रात कमीपणा मानू नये.

वापरलेली वस्तू घेताना बैलबाजारात बैल पाहतात तितक्याच सावधपणे ती पाहावी. पहिली गोष्ट पडद्याची. साध्या कॅमेऱ्याचा पडदा सुमारे एक लक्ष वेळा उघडेल अशा अंदाजाने केलेला असतो. आजवर तो किती वेळा उघडला हे निकॉनच्या चित्रफाइलमध्येच नोंदलेले असते, कॅननच्या बाबतीत ते निराळ्या साधनाने पाहावे लागते. लग्नसराईत राबलेला कॅमेरा दिसण्यास कोरा असला तरी त्याचा पडदा म्हातारा असू शकतो. दुसरी गोष्ट भिंगाची. ते काढून उजेडाकडे धरावे व आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात काय ते पाहावे. ती बुरशी होय, आणि बुरशी लागलेले भिंग फुकटही घेऊ नये. तिसरी गोष्ट सेन्सरची. प्रकाशद्वार १६ च्या आकड्यावर ठेवून मोकळ्या आकाशाचे चित्र टिपावे आणि ते मोठे करून डागांचा शोध घ्यावा. चौथी गोष्ट फोकसची. जवळच्या व दूरच्या अशा दोन वस्तूंवर तो पुनःपुन्हा करून पाहावा. पाचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदाची. मूळ पावती व तीवरील क्रमांक यंत्राच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कागद नसलेला स्वस्त कॅमेरा चोरीचा असण्याचा संभव असतो, आणि चोरीची वस्तू स्वस्त पडली म्हणून घेणारा मनुष्य चोराचा भागीदार होतो. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर आहे. दूरच्या अनोळखी विक्रेत्यास आगाऊ पैसे पाठविण्यापेक्षा एक दिवस खर्चून, जाणत्या माणसास सोबत नेऊन, वस्तू हातात घेऊन पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

आता पैशाची वाटणी. समजा, कुटुंबाने विचारपूर्वक ३०,००० रुपये बाजूस काढले आहेत. भाव बदलत असतात, म्हणून पुढील आकडे वाटणीचा आकार दाखविण्यापुरतेच समजावे. यांपैकी साध्या भिंगासह वापरलेल्या यंत्रासाठी निम्मे, म्हणजे १५,००० रुपये ठेवावे. १०,००० रुपये कामानुरूप निवडलेल्या दुसऱ्या भिंगासाठी असावे. उरलेल्या ५,००० रुपयांत दोन कार्डे, एक जादा बॅटरी, साधी पिशवी, जमल्यास तिपाई, आणि भिंग कोरडे ठेवण्याची व्यवस्था इतके बसवावे. या शेवटच्या बाबीकडे आमच्याकडे फार दुर्लक्ष होते. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील हवा इतकी दमट असते की कपाटातील पिशवीत महिनाभर पडून राहिलेल्या भिंगास बुरशी धरणे मुळीच अशक्य नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्या अल्प खर्चात हजारो रुपयांचे भिंग वाचते. पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्या. ज्याने सर्व ३०,००० रुपये नव्या यंत्रावरच घातले, त्याच्याजवळ या डब्यासही पैसे उरत नाहीत. दुसरे वर्ष उजाडते तेव्हा यंत्र नवे पण भिंग आंधळे, अशी त्याची स्थिती होते.

येथे हप्त्यांचा प्रश्न उपस्थित होतो. 'आज घ्या, मग फेडा' अशी सोय आता जिकडेतिकडे उपलब्ध आहे, आणि मुले पालकांस तीच दाखवितात. शेतकऱ्याचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येते, पण हप्ता दर महिन्यास येतो. पाऊस लांबला, धानावर रोग पडला किंवा घरात आजारपण आले, तरी हप्ता थांबत नाही. छंदासाठी कर्ज काढू नये, असे आमचे निश्चित मत आहे. यावर कोणी दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण देतील. ते उदाहरण आम्हांसही प्रिय आहे, परंतु ते पुरते समजून घेतले पाहिजे. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर पैसा उभा करून १९१२ साली लंडन गाठले व विल्यमसन कॅमेरा आणला, पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, हे सर्व खरे आहे. परंतु त्यापूर्वी मुंबईची कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले होते, छायाचित्रणाचा व छपाईचा व्यवसाय त्यांनी वर्षानुवर्षे केला होता. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी प्रथम काय टिपले? वाटाण्याच्या रोपट्याची वाढ. रोप अंकुरते कसे व वाढते कसे, याचा छोटा चित्रपट करून त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविली. ज्या कुटुंबांत धंदा म्हणून कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यांनी हा क्रम गिरवावा. आधी एखाद्या स्टुडिओत एक लग्नसराई उमेदवारी करावी, आपली वाटाण्याची रोपटी दाखवावी, आणि मगच कर्जाचा विचार करावा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांस तर परदेशी यंत्र परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी कॅमेरा येथेच तयार केला व १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट निर्माण केला. साधन अपुरे म्हणून त्यांचे काम अडून राहिले नाही.

पालकांस आणखी एक विनंती आहे. घरात पैसा एकाच कॅमेऱ्यापुरता असला म्हणजे तो बहुधा मुलाच्या नावाने घेतला जातो, मग तक्रारींची वही मुलीची का असेना. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांस मान मिळाला त्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या होत्या, आणि २०११ साली त्यांस पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. आमच्या जिल्ह्यातील स्त्रियांचे जग, म्हणजे रोवणीतील त्यांचे हास्यविनोद, त्यांचे सणवार, बाळंतिणीची खोली, हे परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे कधीच मोकळे होणार नाही. ते टिपले जाणार असेल तर ते मुलींच्याच हातून. म्हणून ज्याची वही भरलेली त्याचा कॅमेरा, असा न्याय घरात असावा. ज्या कुटुंबांस एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी शाळांनीही पुढे यावे. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे एक वापरलेला कॅमेरा व दोन भिंगे शाळेच्या मालकीची असावी, आणि ती आठवड्याच्या बोलीने विद्यार्थ्यांस नोंदवहीत सही घेऊन द्यावी. पाच कुटुंबांनी पाच निकृष्ट यंत्रे घेण्यापेक्षा पन्नास मुलांस एका चांगल्या यंत्रावर हात बसविता आला, तर ते आम्हांस अधिक हिताचे वाटते.

कॅमेरा ज्याच्या हाती येतो त्याच्यावर एक जबाबदारीही येते. चिखलात वाकलेली बाई किंवा घामाघूम झालेला कारागीर हा आपल्या करमणुकीचा देखावा नव्हे. 'मावशी, काढू का?' असे विचारल्यावाचून कोणाचे चित्र टिपू नये, आणि टिपल्यावर त्याची एक प्रत त्या घरी पोहोचवावी. पुष्कळ घरांत आजोबांची एकही चांगली तसबीर नसते. ते गेल्यावर एखाद्या ओळखपत्रावरील लहानसे चित्र मोठे करून भिंतीवर लावतात, आणि त्यात त्यांचा चेहरा कोणासच ओळखू येत नाही. ज्या मुलाने पहिल्या वर्षी आपल्या आळीतील प्रत्येक वृद्धाची खिडकीच्या उजेडात एकेक स्वच्छ तसबीर टिपून दिली, त्याच्या कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू. मग तो कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता व कितव्या हाताने विकला गेला होता, हे कोणी विचारणार नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंदाची वही आजच आखावयास घ्या. पितळेची भांडी ठोकणारे हात दिवसेंदिवस थोडे होत आहेत, आणि दंडारीतील जुनी सोंगे जाणणारी मंडळी वयाने थकत चालली आहेत. ती टिपण्यासाठी सर्वोत्तम यंत्राची वाट पाहत बसलात, तर यंत्र येईल पण माणसे राहणार नाहीत. आणि पालकहो, मुलाने किंवा मुलीने भरलेली वही पुढे ठेवली, तर ती चैन म्हणून बाजूस सारू नका. ती वाचा, तिच्यातून काम कोणते ते ओळखा, अंथरूण पाहून पाय पसरा, आणि ठरविलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक यंत्रावर घालू नका. एवढे पथ्य पाळले तर कष्टाच्या धानाचा पैसा वाया गेला, असे म्हणण्याची पाळी आपणांवर येणार नाही, असा आमचा भरवसा आहे.